वस्तऱ्याचा दगड आणि त्यातला खळगा

   लोकलच्या गर्दीत आवाज नीट येत नाही म्हणणाऱ्यांसाठी, आणि ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर.

आज आपण दगडांबद्दल बोलणार आहोत. किल्ल्याचे नाहीत, लेण्यांचेही नाहीत. आजचा दगड तळहातावर मावेल एवढा आहे: वस्तऱ्याला धार लावायचा दगड. जुन्या मराठीत त्याला निसणा असाही एक शब्द आहे. मी गेली काही वर्षं असे जुने दगड जमवतोय आणि त्यातल्या काहींवर वस्तरा पाजळून स्वतःची दाढीही करतो.

हा छंद लागला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. जुन्या दगडाच्या मधोमध अनेकदा एक खळगा असतो, झिजून झालेला. दगड वापरायचा असेल तर तो घासून सपाट करावा लागतो. सपाट केला की तो खळगा गेला, आणि त्याबरोबर कुणाच्या तरी हाताची खूणही गेली. मग करायचं काय? दगड तसाच कपाटात ठेवायचा, की त्याच्याकडून काम करून घ्यायचं? याचं उत्तर शोधायचं तर आधी हे दगड आले कुठून आणि हातातून सुटले कधी, हे बघावं लागेल.

सुरुवात रोमपासून करूया. लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकाराने एक दंतकथा लिहून ठेवली आहे. रोमचा राजा तार्क्विनियस प्रिस्कस याला घोडदळ वाढवायचं होतं. अत्तुस नावियुस नावाचा शकुन बघणारा म्हणाला, आधी शकुन घेतल्याशिवाय असा बदल करता येणार नाही. राजा चिडला. थट्टेने म्हणाला, "तू एवढा जाणकार, तर सांग, माझ्या मनात आत्ता जे आहे ते घडू शकेल का?" अत्तुसने शकुन पाहिला आणि सांगितलं, घडेल. राजा म्हणाला, "तू वस्तऱ्याने धारेचा दगड कापतोस, असं माझ्या मनात होतं. घे, काप!" आणि अत्तुसने तो कापला. पुढे त्याचा पुतळा उभारला गेला आणि तो दगडही तिथेच ठेवला होता, असं लिव्ही सांगतो.

आता ही कथा खरी मानायची गरज नाही. पण ती ऐकणाऱ्या रोमन माणसाला यात चमत्कार का वाटला, हे बघा. दगड वस्तऱ्याला झिजवतो, वस्तरा दगडाला कापत नाही, हे त्याने रोज पाहिलेलं होतं. म्हणजे वस्तरा आणि दगड ही जोडी तेव्हाच्या माणसाला आपल्याला मोबाईल आणि चार्जर आहे तितकी ओळखीची होती.

दुसरा रोमन साक्षीदार जास्त कामाचा आहे. थोरला प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला तो. त्याने आपल्या प्रचंड मोठ्या ज्ञानकोशात धारेच्या दगडांचे प्रकार दिलेत. काही दगड तेलावर चालतात, त्यात क्रीट बेटाचे नावाजलेले. काही पाण्यावर चालतात, त्यात नॅक्सॉस बेटाचे. आणि एक प्रकार असा, की जो थुंकीवर चालतो, न्हाव्यांच्या दुकानात! त्यातले उत्तम दगड स्पेनमधल्या लामिनियमचे, असं तो लिहितो. तोंड वाकडं करू नका. तेल की पाणी, हा वाद आजही दगड जमवणाऱ्यांमध्ये सुरू आहे. थुंकीचं नाव मात्र आता कुणी काढत नाही.

आता थोडं विज्ञान. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या वस्तऱ्याची धार एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. एवढी बारीक धार काढायची तर दगडातले कण अतिशय लहान, सारख्या आकाराचे आणि पोलादापेक्षा कठीण हवेत. एखादा जरी मोठा कण मध्ये आला, तरी तो धारेवर ओरखडा काढणार आणि गाल सोलणार. असा दगड निसर्गात फार थोड्या ठिकाणी सापडतो. म्हणूनच जगात वस्तऱ्याच्या दगडांची गावं मोजकीच आहेत.

त्यातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे बेल्जियममधला आर्डेनचा डोंगराळ भाग. तिथे व्हिएलसाम आणि आसपासच्या गावांत एक पिवळसर दगड निघतो. त्याचं नाव कोटिक्यूल. लॅटिनमध्ये 'कोस' म्हणजे धारेचा दगड आणि 'कोटिकुला' म्हणजे छोटा धारेचा दगड, त्यावरून हे नाव आलं.

हा दगड साधारण ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरच्या गाळाचा आहे. पुढे दाब आणि उष्णता यांमुळे त्या गाळात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक वाढले. गार्नेट म्हणजे काय? राहूसाठी अंगठीत घालतात तो गोमेद याच कुटुंबातला. कोटिक्यूलमधला गार्नेट वेगळ्या जातीचा, पण भाऊबंदच. दगडाचा साधारण तिसरा हिस्सा हे स्फटिक असतात, बहुतेक ५ ते २० मायक्रॉन आकाराचे. आता तुम्ही म्हणाल, एक मायक्रॉनची धार आणि २० मायक्रॉनचा कण, हे कसं जमतं? तर हे स्फटिक बारा बाजूंचे, जवळजवळ गोटीसारखे असतात. त्यांचे कोपरे बोथट. ते पोलादात खोल रुततच नाहीत, वरवर घासून जातात.

आर्डेनमध्ये हा पिवळा थर खडकात फार पातळ असतो, काही ठिकाणी तर बोटाच्या पेराएवढाही नाही. आणि तो ठिसूळ. म्हणून त्याच्या खाली जांभळट-निळ्या पाटीच्या दगडाचा आधार ठेवतात. कधी तो निसर्गतःच चिकटलेला असतो, कधी नंतर चिकटवतात. जुन्या बाजारात एखादा दगड वरून पिवळा, खालून काळपट दिसला आणि बाजूने दोन्हींमधली रेघ दिसली, तर थांबा. नीट बघा. तो बेल्जियमचा असू शकतो. या खाणी १९८० च्या दशकात बंद पडल्या होत्या, नंतर छोट्या प्रमाणात पुन्हा सुरू झाल्या. साम-शातो या गावात या दगडाचं संग्रहालयही आहे.

दुसरं ठिकाण जर्मनीतलं थुरिंगिया. तिथल्या सोनेबर्ग गावातून 'एशर' या नावाने वस्तऱ्याचे दगड जगभर जायचे. हे पाटीसारख्याच दगडाचे, पाण्यावर चालणारे. कुठे निळसर, कुठे हिरवट, कुठे पिवळट हिरवे, आणि रंग लेबलवर छापलेला. आज एशरच्या दगडाला लेबल शाबूत असेल तर किंमत एकदम चढते. तोच दगड, तीच धार, पण कागदाच्या तुकड्याने भाव बदलतो. मग लेबल भिजू नये म्हणून विकत घेणारा तो पाण्याजवळ नेतच नाही. पाण्यावर चालणारा दगड आयुष्यभर कोरडा!

याच थुरिंगियाच्या डोंगरात सोनेबर्गजवळ श्टायनाख नावाचं गाव आहे. तिथे एका वेगळ्या वस्तूचा मोठा उद्योग होता: पाटीवर लिहायची पेन्सिल. जगभरच्या शाळांना तिथून पेन्सिली जायच्या. घराघरांत हे काम चालायचं, बायका-मुलंसुद्धा त्यात असायची. आणि त्या धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी व्हायची.

आपल्याकडे याचं दुसरं टोक मध्य प्रदेशातल्या मंदसौरला आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांनी पाटीवर मुळाक्षरं गिरवली ती अशाच पेन्सिलींनी. मंदसौरच्या पेन्सिल-कामगारांची १९८० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तपासणी केली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. सिलिकोसिस म्हणजे दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसून होणारा, बरा न होणारा आजार.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण छंद म्हणून दगड हातात घेतला की आपण त्याचा गुळगुळीतपणा बघतो. तो गुळगुळीत करणाऱ्याच्या छातीत काय गेलं, ते दिसत नाही. आणि यातून आपल्यासाठीही एक नियम निघतो: दगड कधीही कोरडा घासायचा नाही. नेहमी ओला. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, हॉट स्प्रिंग्स भागात मिळणारा धारेचा दगड तर जवळजवळ पूर्ण सिलिकाचाच असतो. त्याला नोव्हॅक्युलाइट म्हणतात. 'नोव्हाक्युला' म्हणजे लॅटिनमध्ये वस्तरा. अत्तुसच्या हातात होता तोच शब्द!

एवढी सगळी गावं, एवढ्या खाणी. मग हे दगड गेले कुठे?

पहिला धक्का दिला माणसाने बनवलेल्या दगडाने. १८९१ मध्ये एडवर्ड अचेसन हा अमेरिकन माणूस कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत होता. माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवताना त्याला सिलिकॉन कार्बाइड मिळालं. त्याने नाव दिलं कार्बोरंडम. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही 'कार्बोरंडमचा दगड द्या' म्हटलं की मिळतो, तो हाच. त्यापासून न्हाव्यांसाठीही दगड बनू लागले. स्वस्त, झटपट आणि प्रत्येक नग सारखा. खाणीतल्या पातळ थराची वाट बघायची गरज उरली नाही.

दुसरा धक्का मोठा होता. १९०३ मध्ये जिलेट कंपनीने फेकून द्यायच्या पात्यांचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. कुणालाही वाटलं असतं, हे काही चालायचं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. लाखो तरुण मुलं घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन. आणि त्यांना दगड लागत नव्हता. पातं बोथट झालं की टाकून द्यायचं.

इथे नीट बघा काय बदललं. तोपर्यंत वस्तरा एकदा घ्यायचा आणि धार रोज सांभाळायची, अशी रीत होती. कित्येकदा वस्तरा बापाकडून मुलाकडे यायचा. आता धार दुकानात पाकिटातून मिळायला लागली. धार सांभाळण्याचं जे ज्ञान होतं, त्याची कुणाला गरजच उरली नाही.

आपल्याकडे हे जरा उशिरा घडलं. न्हावीदादांच्या धोपटीत वस्तरा, कात्री, वाटी, आरसा यांच्याबरोबर दगड आणि चामड्याचा पट्टा असायचाच. दगड अधूनमधून, पट्टा मात्र प्रत्येक दाढीआधी. मग १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. पुढच्या काही वर्षांत जनजागृती झाली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या म्हणू लागलं, "दादा, ब्लेड नवीन टाका हं." अर्धं ब्लेड अडकवायचे वस्तरे सगळीकडे आले. हे योग्यच झालं. एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी करणं धोक्याचं होतं, यात शंका नको. पण त्याबरोबर धोपटीतला दगड निघाला, तो परत आला नाही.

आता आपल्या खळग्याकडे येऊ.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक दगड मिळाला होता. वरून पिवळा, खालून काळपट, लेबल नाही, मधोमध चांगला खोल खळगा. पट्टी आडवी ठेवून मोजला तर सर्वात खोल जागी ३ मिलीमीटर. माझ्या घराजवळ एक सलून आहे. तिथले काका आता सत्तरीच्या पुढे आहेत, वडिलांच्या हाताखाली काम शिकलेले. एका मंगळवारी, गर्दी नव्हती म्हणून, मी तो दगड घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काका, हा खळगा कशाने पडला असेल?"

त्यांनी दगड हातात घेतला, खिडकीकडे तिरपा धरला, अंगठा फिरवला.

"वस्तऱ्याने नाही पडलेला हा."

"मग?"

"सुऱ्यांनी. घरात कुणीतरी भाजीच्या सुऱ्या घासल्यात यावर. वस्तरा असा नसतो घासायचा. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकवून सरळ ओढायचा. दगड खोलगट झाला की धार सगळीकडे सारखी टेकत नाही. मग काय उपयोग? आमचे वडील फरशीवर वाळू नि पाणी घेऊन दगड घासायचे, सपाट व्हायला. एवढा खोल होईपर्यंत कोण थांबेल?"

"म्हणजे न्हाव्याच्या दगडावर काहीच खूण राहत नाही?"

काकांनी दगड आडवा करून कडेची रेघ दाखवली. "राहते की. हा पिवळा थर बघ, किती पातळ झालाय. खूण बघायची तर इथे बघायची."

मला वाटतं, आजच्या भागातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. ज्याचं पोट या दगडावर होतं, तो दगड सपाट ठेवत होता. ते त्याच्या रोजच्या कामातच धरलेलं होतं. म्हणून कामातल्या दगडावर खळगा दिसत नाही, दगड सगळीकडून सारखा झिजत जातो आणि पातळ होतो. खोल खळगा बहुतेकदा नंतरच्या काळाचा असतो, जेव्हा वस्तरा घरातून गेला, दगड स्वयंपाकघरात आला आणि त्याला सपाट करणारं कुणी उरलं नाही. अर्थात, मूळ थरही कमीजास्त जाडीचे असतात. त्यामुळे पातळ थर म्हणजे जुना वापर, हा अंदाज आहे, पक्कं गणित नाही. पण जिलेटच्या पात्याने जगात जे केलं, ते मला त्या ३ मिलीमीटरमध्ये मोजता आलं.

म्हणून मी तो दगड सपाट केला. आधी फोटो काढले, खळग्याची मापं वहीत लिहिली, आणि मगच. तुम्हाला करायचं असेल तर पद्धत सोपी आहे. जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून चिकटवा. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. भरपूर पाणी घेऊन हळूहळू घासा. कडेच्या रेघा आधी जातील, मधल्या सर्वात शेवटी. सगळ्या गेल्या की दगड सपाट. माझ्या दगडाला दोन संध्याकाळी लागल्या. आणि लेबल असलेला दगड असेल तर लेबलची बाजू अजिबात भिजवू नका. ते लेबल पुन्हा तयार होत नाही. सपाटपणा होतो.

धार लावताना कोटिक्यूलवर त्याच जातीचा छोटा तुकडा पाण्यात घासायचा, की दुधासारखा पांढरट गाळ तयार होतो. त्यात गार्नेटचे सुटे कण असतात, ते भराभर काम करतात. वस्तरा पूर्ण आडवा, पाठ टेकलेली, धार पुढे. जोर द्यायचा नाही. वस्तऱ्याचं वजन पुरे. मग थेंब थेंब पाणी वाढवत गाळ पातळ करत न्यायचा आणि शेवटी नुसत्या पाण्यावर. गाळ विरळ होतो तशी धार बारीक होत जाते. एकच दगड, फक्त पाण्याच्या प्रमाणावर खडबडीतही आणि नाजूकही. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, पाठ पुढे ठेवून. पट्ट्यावर धार पुढे ठेवली तर पट्टाच कापला जाईल.

एक सूचना मात्र पाळा. जुना वस्तरा फक्त स्वतःपुरता ठेवायचा. मित्राला 'बघ जरा वापरून' म्हणून द्यायचा नाही, रूममेटलाही नाही. आणि ज्या दगडावर आधी तेल वापरलंय त्यावर पाणी चालेल का, हे तेल पूर्ण निघाल्याशिवाय ठरवू नका. साबण आणि गरम पाण्याने वेळ लागतो, पण निघतं.

सपाट झालेला दगड मी काकांना दाखवायला नेला. त्यांनी त्यांचा जुना वस्तरा कपाटातून काढला, चाळीसेक फेऱ्या मारल्या, मग हातावरचे केस नुसत्या स्पर्शाने उडवून दाखवले. दुकानातला त्यांचा नातू मोबाईलवर शूट करत होता. "आजोबा, परत करा ना, फोकस गेला," म्हणाला. आजोबांनी परत केलं. मग नातवाने मोबाईल बाजूला ठेवला आणि दगड मागितला. पहिल्या चार फेऱ्यांत त्याची पाठ उचलली जात होती. काका म्हणाले, "पाठ टेकव. घाई नको." पाचव्या फेरीला टेकली.

तर मित्रांनो, यंदा सुट्टीत गावाला गेलात की माळ्यावर, देवळीत, जुन्या ट्रंकेत जरा शोधा. सुऱ्या घासायचा म्हणून पडलेला एखादा गुळगुळीत दगड दिसला तर ओला करून त्याची कड बघा. दोन रंग दिसतात का? आणि घरात कुणी वयस्कर असेल तर विचारा, हा आधी कुणाचा होता, कशासाठी वापरायचे. उत्तर लिहून ठेवा, फोटो काढा, आणि मग हवं तर बिनधास्त घासून सपाट करा.